वाकड्या दस्त्याची रायफल

१९७४ सालच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी आमच्या हायस्कुलाच्या सुतारकामाच्या वर्गात बाकांचे मोडके पाय बसवत होतो. सांगलीचा मे महिना. बनियन पाठीला चिकटलं होतं. दारात एक उंच माणूस येऊन उभा राहिला. धोतर, पांढरा सदरा, पायात लष्करी बूट. उजव्या डोळ्याच्या जागी पापणी आत ओढून शिवल्यासारखी मिटलेली.

"मधुमास्तर तुमीच का?"

"हो. बसा ना."

तो बसला नाही. हातातली काठी त्यानं बंदुकीसारखी उजव्या खांद्याला लावली, मान आडवी टाकली आणि डावा डोळा काठीच्या रेषेत आणायची धडपड केली. गळ्याच्या शिरा ताणल्या, तोंड लाल झालं, पण डोळा काही काठीवर येईना.

"बघितलंसा? अडीच इंच कमी पडत्यात. तेवढं लाकूड वाकडं करून द्याल का, एवढंच इचारायला आलोय."

हा नाथाजी. शिराळ्याजवळच्या एका खेड्यातला, वय छत्तीसच्या आसपास. अठराव्या वर्षी पलटणीत गेला आणि नाईक होऊन परत आला. पलटणीत त्याच्या नेमाचं नाव होतं. वरिष्ठ अधिकारी पाहुणे आले की नाथाजीला बोलावून निशाणं मारून दाखवायला लावत. एकाहत्तरच्या डिसेंबरात, लढाईच्या चौथ्या दिवशी, त्याच्या जवळच तोफगोळा फुटला. उजवा डोळा गेला. डाव्या खांद्याच्या हाडात लोखंडाच्या कपच्या घुसल्या. पुण्याच्या इस्पितळात डॉक्टरांनी काही काढल्या, काही आत तशाच ठेवल्या. त्यामुळे डाव्या खांद्याला बंदूक लावावी तर दहाव्या गोळीला हात बधिर होई. उजव्या खांद्याला लावावी तर त्या बाजूला डोळा नाही.

शहरातल्या दोन बंदूकवाल्यांनी त्याला परत पाठवलं होतं. असा दस्ता, म्हणजे बंदुकीचं खांद्याला टेकणारं लाकूड, होत नाही म्हणाले. कुणीतरी माझं नाव सांगितलं, कारण मी एका पोलिओ झालेल्या विद्यार्थिनीसाठी हाताला बसेल असा लाकडी टेकू करून दिला होता. बंदुकीचा दस्ता मी जन्मात केला नव्हता. तरीही "बघू" म्हणालो.

तो असा हट्टाला का पेटला, हे मला पुढे त्याच्या बायकोनं, रंगूबाईनं सांगितलं. लष्करातून परत आल्यावर वर्षभर तो सोप्यात भिंतीकडे तोंड करून बसे. शेत भाऊ बघायचा. त्र्याहत्तरच्या नागपंचमीला ती त्याला ओढून शिराळ्याच्या जत्रेत घेऊन गेली. तिथं छर्ऱ्याच्या बंदुकीनं फुगे फोडायचा खेळ होता. गावातल्या चार जणांनी आग्रह केला, "नाथाजी, दाव की गड्या!" सहा छर्रे त्यानं मारले, एकही फुगा फुटला नाही. कुणी टिंगल केली नाही, पण फुगेवाल्यानं दया येऊन सातवा छर्रा फुकट देऊ केला. नाथाजी बंदूक ठेवून चालू लागला. दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी उठून त्यानं बंदुकीच्या परवान्यासाठी अर्ज लिहायला घेतला.

परवाना मिळायला दहा महिने गेले. तो हातात पडल्यावर आम्ही दोघे बंदुकीच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हातारा, जाड भिंगांचा चष्मा लावणारा. त्याच्याकडे पॉइंट टू-टूच्या, म्हणजे अगदी बारीक गोळीच्या, तीन रायफली होत्या. निशाणाला आणि ससा-तितराच्या शिकारीला हीच गोळी पुरते. आवाज थोडा, खांद्याला धक्का जवळजवळ नाहीच.

पहिली आपल्याकडच्या कारखान्यातली, कोरी करकरीत. दुसरी चेकोस्लोव्हाकियाची, अक्रोडाच्या लाकडाची. तिच्यावर हात फिरवला की सोडवू नये अशी. तिसरी कोपऱ्यात भिंतीला टेकून ठेवलेली, जुनी इंग्लिश. एका वेळी एकच गोळी घेणारी, नळी कुदळीच्या दांड्यासारखी जाड, आणि दस्ता मधोमध चिरलेला, तारेनं बांधलेला.

मी साहजिकच अक्रोडाच्या लाकडाकडे बघत होतो. नाथाजीनं ती उचलली, मागची खिट्टी काढून घेतली आणि नळी दाराच्या उजेडाकडे धरून आत पाहिलं. मग नळीच्या तोंडावर करंगळीचं नख फिरवलं.

"हिच्या पैल्या मालकानं साफ करायची सळई पुढनं घातलीया. तोंड घासलंय. गोळी भाईर पडताना वाकडी फिरणार."

दुकानदारानं चष्मा पुसला. "तुमच्या आधी तिघांनी पाहिली. कुणाला दिसलं नाही."

नव्या रायफलीला त्यानं नावं ठेवली नाहीत. रिकाम्या नळीवर परवानगी घेऊन चाप दोनदा ओढला, मान हलवली. "चांगली हाय. पर नळी बारीक. मास्तरांचं वाकडं लाकूड मागं वजन टाकणार, मग पुढं नळी वर उठंल."

शेवटी त्यानं कोपऱ्यातली उचलली. तिच्या नळीत बराच वेळ बघत राहिला. मला वाटलं, आत काहीतरी अडकलंय.

"मास्तर, बघा."

मी पाहिलं. आत आरशासारखं लखलखत होतं आणि गोळीला गिरकी देणारे नळीचे पीळ एकसारखे फिरत शेवटपर्यंत गेले होते.

"ही घेऊ नका हो," दुकानदार म्हणाला. "निशाणाची आहे. शिकारीला कोण वागवणार एवढं धूड?"

"म्या उसाच्या मोळ्या वागवल्यात," नाथाजी म्हणाला.

पहिला दस्ता मी चांगल्या सागवानाच्या फळीतून कापला. दस्त्याच्या मानेला, जिथं मूठ धरतात तिथं, उजवीकडे अडीच इंच वळण दिलं, म्हणजे दस्ता उजव्या खांद्यावर आणि नळी डाव्या डोळ्यासमोर. रंधून, घासून, पॉलिश करून दिला. पाहणाऱ्यानं वाहवा करावी असं काम होतं. तिसऱ्या दिवशी नाथाजीनं रायफल नुसती जमिनीला टेकवली आणि दस्ता मानेत कडकन् मोडला.

मला लाज वाटली. चूक शिकाऊ सुताराची होती: सरळ वाढलेलं लाकूड मी वळणात कापलं होतं, त्यामुळे वळणावर लाकडाच्या रेषा तुटल्या होत्या. नाथाजी मोडलेल्या तोंडाकडे बघत म्हणाला, "आमचा सुतार नांगराला कवा सरळ लाकूड घेत न्हाई. वाकडं उगवल्यालंच हुडकतो."

पुढच्या रविवारी मी त्याच्या गावी गेलो. गोठ्याच्या माळ्यावर बाभळीचा एक ओंडका नांगरासाठी म्हणून सात-आठ वर्षं वाळत पडला होता. झाड बांधावरून बाहेर झुकत वाढल्यामुळे त्याला आपोआप वळण आलेलं. मी वळण मापलं. अडीच इंचाला जरा जास्तच होतं. रंगूबाई खाली उभी राहून आमचा उद्योग बघत होती.

"नांगराचं लाकूड बंदुकीला?" ती म्हणाली. मग थोड्या वेळानं तिनंच माळ्यावर चढून दुसरं टोक धरलं. "न्या. भिताडाकडं बघत बसन्यापरास बरं."

बाभूळ लोखंडासारखी कठीण. तीन पटाश्यांची धार गेली. पण रेषा वळणाबरोबर वळत होत्या, एकही तुटत नव्हती. नाथाजी दर आठवड्याला एसटीनं येई. मी त्याला डोळा मिटून रायफल खांद्याला लावायला सांगत असे, मग डोळा उघडायला. डोळा उघडल्यावर नजर नळीवरच्या माशीवर, म्हणजे पुढच्या टोकाच्या खुणेवर, आपसूक पडली पाहिजे. मान हलवावी लागली तर काम चुकलं. कधी गाल टेकायची जागा सुताएवढी खरवडायची, कधी मूठ थोडी बारीक करायची. लोखंड लाकडात सगळीकडे सारखं बसतंय का बघायला आम्ही लोखंडाला काजळ लावून दाबत असू. जिथं लाकडावर काळं उमटेल, तिथून टवका काढायचा. नळी मात्र पुढे लाकडाला कुठंच टेकता कामा नये, असं तो सांगे. नळीखालून कागदाची पट्टी ओढून बघायची. अडली नाही म्हणजे ठीक. शेवटी जवसाच्या तेलाचे अकरा हात दिले.

चाप जरा जड होता. दुकानदार म्हणाला, हलका करून देतो, नुसतं बोट लागलं की सुटेल, निशाणावर चार गुण जास्त मिळतील. नाथाजीनं नको सांगितलं. तेलाच्या दगडावर त्यानं तो फक्त गुळगुळीत करून घेतला.

"रानातबी न्यायचीय," तो म्हणाला. "तिथं पाय घसरतो, बोट गारठतं. माझ्या मनात आल्यावरच गोळी गेली पायजे."

रायफल क्लबाचं मैदान गावाबाहेर टेकडीच्या पोटाशी होतं. पहिल्या रविवारी पन्नास मीटरवर त्याच्या गोळ्या निशाणाच्या कागदावर कुठंही पसरल्या. सहा महिन्यांनी त्या वाटीएवढ्या जागेत पडू लागल्या. पंचाहत्तरच्या ऑगस्टात क्लबाच्या स्पर्धेत तो दुसरा आला. त्याच्या वाकड्या दस्त्याला आधी हसणारे आता माझ्याकडे येऊन, लाकूड कसं निवडलं, म्हणून विचारू लागले.

या क्लबाचे मोठे आधार म्हणजे लालासाहेब. कृष्णाकाठी त्यांचा मोठा ऊस होता, आणि ज्या संस्थेच्या हायस्कुलात मी शिकवत होतो तिचे ते उपाध्यक्ष होते. माणूस दिलदार. क्लबाच्या मैदानाची जागा त्यांचीच, भिंतही त्यांनीच बांधून दिली. नाथाजीला ते "आमचा नाईक" म्हणत आणि बाहेरच्या पाहुण्यांना मुद्दाम त्याची ओळख करून देत. त्याच साली त्यांनी मुंबईहून नवी रायफल घेतली होती. तीही बारीक गोळीचीच, वजनाला हलकी, वर दुर्बीण, आणि चाप कारागिराकडून इतका हलका करून घेतलेला की वाऱ्यानं सुटेल असं ते स्वतःच कौतुकानं सांगत.

नोव्हेंबरात त्यांनी जत तालुक्यात शिकारीचा बेत केला. ससे आणि तितरांचा परवाना काढला. जीपमध्ये लालासाहेब, त्यांचा ड्रायव्हर, नाथाजी आणि मी. मी शिकारी नव्हतो. माझा दस्ता रानात कसा वागतो ते बघायला गेलो. तिथं बिराप्पा नावाचा धनगर वाटाड्या म्हणून आम्हांला येऊन मिळाला. मराठी बोलता बोलता मधेच कानडीत शिरणारा, वयस्कर, अंगावर घोंगडी. दरवर्षी ऊस तुटल्यावर त्याची मेंढरं लालासाहेबांच्या रानात बसत.

सकाळ चांगली गेली. लालासाहेबांनी छर्ऱ्याच्या दुनळीनं चार तितर पाडले. नाथाजीनं एक ससा मारला, एकाच गोळीत. दुपारी तीनच्या सुमाराला जीप एका माळावर थांबली होती. समोर ज्वारीच्या शेतांपलीकडे, दोनशे पावलांहून लांब, काळविटांचा कळप चरत होता. सात-आठ माद्या आणि एक काळा नर. दुष्काळानंतर इतकी जनावरं एकत्र कुणी पाहिली नव्हती. काळवीट मारायला तेव्हा कायद्यानं पूर्ण बंदी आली होती, हे आम्हां सगळ्यांना माहीत होतं.

लालासाहेबांनी दुर्बिणीतून बघायला रायफल उचलली. "काय देखनं जनावर हाय रं," ते म्हणाले. "हात लावावा इतकं जवळ दिसतंय."

आणि गोळी सुटली.

त्यांनी ती मुद्दाम मारली की हलका चाप दगा देऊन गेला, हे मला आजही सांगता येणार नाही. त्यांच्या तोंडावर मला आश्चर्य दिसलं होतं, एवढं खरं. एका मादीनं उंच उडी घेतली. कळप धूळ उडवत पळाला. ती मादीही पळाली, पण थोड्याच वेळात मागे पडली, पाठ कमानीसारखी करून चालू लागली आणि झुडपांत दिसेनाशी झाली.

मग नाथाजी म्हणाला, "सायेब, पोटात लागलीय."

"लांबनं दिसतंय व्हय तुला?"

"चाल दिसती. एवढ्या बारीक गोळीनं ती आज मरत न्हाई. उद्याबी मरंल का, सांगता येत न्हाई."

लालासाहेबांनी रायफल खोळीत घातली. "बंदीचं जनावर हाय, नाईक. मागं जाऊन सापडलो तर सगळेच अडकू. कुणी काय बघितलं न्हाई. चला."

नाथाजी जीपमधून उतरला. त्यानं आपली रायफल घेतली, पाण्याची बाटली खांद्याला अडकवली. "तुमी जावा, सायेब. म्या बघतो."

"येडा हायस काय?"

नाथाजी निघाला. बिराप्पा आधीच त्याच्या पुढे चालू लागला होता. मीही उतरलो. कशासाठी, ते मला नीट सांगता येत नाही. जीप थोडा वेळ उभी राहिली आणि मग गेली.

माग काढणारा बिराप्पा. दगडावर करंगळीच्या नखाएवढा रक्ताचा ठिपका, मग पन्नास पावलं काहीच नाही, मग गवताच्या पात्यावर आतड्यातली हिरवट-लाल ओल. ती ओल बघितली की बिराप्पा तोंडानं "च्च" करी. दोनदा ती आम्हांला दिसली आणि दोनदा उठून पुढे गेली. नाथाजीनं बंदूक उचलली नाही. अंतर फार होतं. दिवस बुडाला तेव्हा आम्ही बिराप्पाच्या वाड्यावर, म्हणजे मेंढरांच्या तळावर, जाऊन पडलो. त्याच्या म्हातारीनं भाकरी आणि दूध दिलं. मी खाल्लं. नाथाजीनं भाकरीला हात लावला नाही.

उजाडताच पुन्हा निघालो. दहाच्या सुमाराला एका कोरड्या ओढ्यात बोराटीच्या झुडपाखाली ती बसलेली दिसली. आम्हांला पाहून पुढच्या पायांवर उठली, पण मागचे पाय उचलेनात. मान मात्र ताठ होती. नाथाजीनं आम्हांला थांबवलं आणि तो पोटावर सरपटत चाळीस पावलांपर्यंत गेला. डाव्या कोपरावर भार टाकताना त्याचा चेहरा वेदनेनं वाकडा झालेला मला दिसला. त्यानं गाल बाभळीवर टेकला. बराच वेळ गेला. मग बारीकसा आवाज झाला आणि तिची मान हळूच खाली आली.

गोळी कानामागे लागली होती. नाथाजी तिच्याजवळ उकिडवा बसला. डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. बिराप्पा कानडीत काहीतरी पुटपुटला आणि त्यानं तिच्या तोंडात बाटलीतलं थोडं पाणी सोडलं.

"इथंच पुरू," मी म्हणालो. "तिघांशिवाय कुणाला कळायचं नाही."

"न्हाई मास्तर. फॉरेस्टवाल्याकडं जायाचं."

"अहो, तुम्ही तिचे हाल संपवलेत. गुन्हा दुसऱ्याचा आहे."

"पलटणीत गोळ्या मोजून देत्यात आन मोजून परत घेत्यात," तो म्हणाला. "गेल्याली गोळी कुठं गेली, ते सांगाय लागतंय."

वन खात्याचे अधिकारी पंचनाम्याला आले. तरुण, कामाला चोख माणूस. त्यांना दोन जखमा दिसल्या.

"दोन गोळ्या मारल्यात?"

"कानामागली माझी," नाथाजी म्हणाला. "पोटातली माझी न्हाई."

"मग कुणाची?"

"ज्याची हाय त्यो सांगंल."

अधिकाऱ्यांनी बिराप्पाकडे पाहिलं. बिराप्पा म्हणाला, "गोत्तिल्ला. ठावं न्हाई." त्याची तीनशे मेंढरं कुणाच्या रानात बसत, ते मला माहीत होतं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"मी मागे होतो," मी म्हणालो. "मला नीट दिसलं नाही."

नाथाजीनं माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. रायफल जप्त झाली. तिच्या दस्त्याला कागदी चिठ्ठी बांधून ती जीपमध्ये टाकली, तेव्हा तो एवढंच म्हणाला, "नळीत तेल घाला सायेब, दमट जागा आसंल तर."

सांगलीला आल्यावर लालासाहेबांनी मला धमकी वगैरे काही दिली नाही. एकदा शाळेत आले, माझ्या वर्गात डोकावले आणि म्हणाले, "मास्तर, तुमी शहाणे हाय." जानेवारीत माझ्या वर्गासाठी लाकूड कातायचं विजेचं यंत्र आलं. पाच वर्षं मी त्याचे अर्ज करत होतो. मुलं खूश होती. मी रोज त्या यंत्रावर लाटणी, भोवरे, टेबलाचे पाय कातून घेत होतो, आणि घरी आल्यावर माझी बायको शरयू विचारी, "आज एवढे गप्प का?"

खटला जतच्या कोर्टात उभा राहिला. दोन्ही गोळ्या नाथाजीच्याच, असं कागदावर दिसत होतं. तारीख जवळ आली तेव्हा रंगूबाई आमच्या घरी आली. शिराळ्याहून एसटीनं, एकटी. चहा नको म्हणाली. दारातच उभी राहिली.

"मास्तर, ते काय बोलत न्हाईत. पुन्ना भिताडाकडं तोंड करून बसल्यात. म्या इचारलं, तर म्हनले, मास्तरला इचार." तिनं पदर सावरला. "मला कोर्टाचं काय कळत न्हाई. तुमी तितं हुता का न्हवता, एवढंच सांगा."

"होतो," मी म्हणालो.

"बास."

ती वळली आणि गेली. शरयू स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिला मी आतापर्यंत काहीच सांगितलं नव्हतं. त्या संध्याकाळी सगळं सांगितलं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, "बदली केली तर कुठं करतील?"

"कुठंही."

"मग भांडी कमी घेऊ," ती म्हणाली.

शहात्तरच्या ऑगस्टात मी जतच्या कोर्टात शपथेवर घडलं ते सांगितलं. जीप कुठं उभी होती, कोण कुठं बसलं होतं, गोळी कुणाच्या रायफलीतून सुटली. चाप हलका होता, हेही सांगितलं, कारण तेही खरं होतं. सरकारी वकिलानं विचारलं, "मग पंचनाम्याच्या वेळी खोटं का सांगितलंत?"

"भीतीनं."

"आता भीती वाटत नाही?"

"वाटते," मी म्हणालो.

माझ्यानंतर बिराप्पानंही, कुणी न विचारता, मागच्या बाकावरून उठून सांगितलं की मास्तर बोलतात ते बरोबर आहे. त्याला आधी गप्प बसवलं आणि मग रीतसर साक्षीला बोलावलं.

कोर्टाच्या पायऱ्यांवर मी नाथाजीपुढे उभा राहिलो. नऊ महिने जुळवलेली वाक्यं होती, त्यातलं एकही आठवेना. "माझं चुकलं," एवढंच बोललो.

"पैली चुकली, दुसरी लागली," तो म्हणाला. "निशाणावर दोनीबी मोजत्यात, मास्तर." मग माझ्या खांद्यावर हात ठेवून तो पायऱ्या उतरू लागला. ती माफी होती की नव्हती, हे मी त्याला पुढे कधी विचारलं नाही.

निकाल सत्त्याहत्तरच्या फेब्रुवारीत लागला. नाथाजीला समज आणि थोडा दंड, रायफल परत. लालासाहेबांवर वेगळा खटला चालला. त्यांनाही दंड झाला आणि परवाना गेला. क्लबाचं मैदान त्यांनी बंद केलं नाही, हे सांगितलं पाहिजे. माझी बदली मात्र जूनमध्ये झाली, खानापूर तालुक्यातल्या संस्थेच्या शाळेत. तिथं सुतारकामाचा वर्ग नव्हता. मी चित्रकला आणि भूगोल शिकवू लागलो.

पंधरा महिन्यांनी परत मिळालेली रायफल घेऊन नाथाजी त्या शाळेत आला. बाभळीला काही झालं नव्हतं. तेल सुकलं होतं, इतकंच. नळी मात्र आतून गंजली होती, तोंडाकडच्या दोन इंचांत तर खड्डेच पडले होते. मी नळीत पाहिलं आणि खाली ठेवली.

"दुसरी नळी मिळेल का?"

"हिला न्हाई मिळायची."

जुन्या दुकानदाराकडून आम्ही पुढचे दोन इंच कापून घेतले आणि माशी नव्या टोकाला बसवून घेतली. कापलेल्या तोंडाची कड अगदी एकसारखी व्हावी लागते. ते काम नाथाजीनं स्वतः केलं: गोल डोक्याचा पितळी स्क्रू, त्याला मोटारीच्या गॅरेजातला घासायचा लेप लावायचा आणि तो नळीच्या तोंडावर बोटांनी आठाच्या आकड्यात फिरवायचा. दर थोड्या वेळानं भिंगातून बघायचं. तीन रविवार हेच चाललं होतं. माझ्या खोलीच्या ओट्यावर तो बसे, शरयू त्याला भाकरी वाढी, आणि तो निमूट जेवून पुन्हा स्क्रू फिरवायला लागे.

अठ्ठ्याहत्तरच्या जानेवारीत साताऱ्याला माजी सैनिकांची नेमबाजीची स्पर्धा होती. मी रजा काढून त्याच्याबरोबर गेलो. सकाळची बोचरी थंडी, अजिंक्यताऱ्यावर धुकं. तेवीस जण होते. बऱ्याच जणांकडे नव्या रायफली. नाथाजी आडवा झाला. पहिल्या तीन गोळ्या काळ्या वर्तुळाबाहेर गेल्या. तो थांबला, हात काखेत घालून ऊब घेतली, गाल पुन्हा टेकला. उरलेल्या सात काळ्यात लागल्या, पण मधोमध दोनच.

तो नववा आला. यादी फळ्यावर लागली तेव्हा त्यानं जवळ जाऊन आपलं नाव वाचलं, बोटानं वरची आठ नावंही वाचली. एक निवृत्त सुभेदार येऊन दस्ता हातात घेऊन बघत होते. त्यांनी विचारलं, "हे लाकूड कुणी वळवलं?"

"वळवलं न्हाई," नाथाजी म्हणाला. "उगवलंच तसं. मास्तरांनी कोरलंय."

सुभेदारांनी माझ्याशी हात मिळवला. त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं नव्हती. आपल्या रायफलीच्या मुठीचं काही करता येईल का, असं त्यांनी हलक्या आवाजात विचारलं. मी त्यांच्या हाताचं माप एका कागदावर काढून घेतलं.

नाथाजीनं तोवर नळीत तेलाचा फडका फिरवला, रायफल खोळीत घातली. शिकारीला तो पुन्हा कधी गेला नाही. निशाणावर मात्र पुढची सहा-सात वर्षं जात राहिला, कधी सातवा आला, कधी बारावा. त्या दिवशी एसटी स्टँडकडे चालताना मी विचारलं, "पहिल्या तीन बाहेर कशा गेल्या?"

"थंडी हुती," तो म्हणाला आणि शिराळ्याच्या गाडीची पाटी बघायला पुढे गेला.